विषय: रोजच्या ऑफिससाठी बॅग सुचवा (ट्रेकला निघाल्यासारखी दिसायला नको)

नमस्कार मंडळी,

मंडळाचा विषय नाही हे माहितीये, पण इथे प्रत्येकाने कधी ना कधी चुकीच्या बॅगेवर पैसे घातलेले असणार म्हणून विचारतेय. माझी आत्ताची म्हणजे फॉक्स लेदरची (नकली चामड्याची) मोठी टोट, एका खांद्याला अडकवायची पिशवी. दीड वर्षात पट्ट्यांचे पापुद्रे निघायला लागलेत, पांढरा शर्ट घातला की खांद्यावर काळा भुगा, आणि संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून येतो तो वेगळाच. रोज नेते ते: 14 इंची लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, छत्री, एक ए-फोर फाइल आणि बारीकसारीक. सॅक घेतली तर मीटिंगला कॉलेजातून आल्यासारखी दिसते, पर्स घेतली तर दुसऱ्या हातात कापडी पिशवी येतेच. मधलं काही असतं का? लेकीलाही शाळेसाठी दप्तर घ्यायचंय, त्याबद्दलही सांगा.

---

रि: रोजच्या ऑफिससाठी बॅग सुचवा

> पट्ट्यांचे पापुद्रे निघायला लागलेत

ताई, ते निघणारच होते, तुमची काही चूक नाही. फॉक्स लेदर म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा थर. घाम आणि दमट हवा लागून तो हळूहळू सुटतो, अगदी कपाटात जपून ठेवली तरी सुटतो, आणि एकदा सुटायला लागला की दुरुस्ती नाही. खरं चामडं टिकतं पण जड असतं. त्यातही 'बाँडेड लेदर' लिहिलेलं असेल तर लांब राहा, तो चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा असतो.

माझं म्हणणं एवढंच की बॅग बघायच्या आधी सामान वजनकाट्यावर ठेवा. लॅपटॉप दीड किलो धरा, लिटरभर पाणी म्हणजे एक किलो आणि वर बाटली, भरलेला डबा पाऊण किलो, चार्जर-छत्री-फाइल मिळून किलोभर. म्हणजे साडेचार किलो झालेच, आणि त्यात रिकामी बॅगच सव्वा किलोची असेल तर खांदा काय म्हणणार? नायलॉनची रिकामी बॅग सहा-सातशे ग्रॅममध्ये मिळते. लेबलवर डेनिअर लिहिलेलं असतं, 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या वापराला 400 ते 600 भरपूर झाले, 1000 वाली कणखर असते पण ते वजनही तुम्हालाच उचलायचंय.

आणि 14 इंच हा स्क्रीनचा कर्ण आहे, रुंदी नाही. फूटपट्टी लावा, साधारण 31-32 सेंटिमीटर भरेल. ए-फोर कागदाची लांब बाजू 29.7, म्हणजे लॅपटॉप उभा बसला तर फाइल बसलीच.

---

रि: रि: रोजच्या ऑफिससाठी बॅग सुचवा

काका, बॅग घ्यायचीये का पूल बांधायचाय 🙂

वजनाचं पटलं, पण दिसण्याचं कोणीच बोलत नाहीये. सॅक कॉलेजची दिसते ती सॅक असल्यामुळे नाही, तर लोंबणारे पट्टे, दोन-तीन रंग, बाहेरची जाळी आणि छातीवर मोठा लोगो यांमुळे. हेच काढून टाकलं, एक गडद रंग, चौकोनी आकार, सपाट तळ म्हणजे खाली ठेवली की उभी राहते, तर तीच सॅक कुठल्याही मीटिंगला चालते. मी जी वापरते तिला वर हातात धरायची दोन हँडल आहेत आणि पाठीचे पट्टे मागच्या कप्प्यात सरकवून चेन लावता येते, रस्त्यात पाठीवर, ऑफिसच्या दारात हातात. काही म्हणा पण साडेचार किलो एका खांद्यावर नकोच, कितीही सुंदर टोट असली तरी.

अजून एक, ज्याकडे दुकानात कोणी बघत नाही: आतलं अस्तर फिक्या रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात काळा चार्जर आणि काळं पाकीट शोधणं म्हणजे विहिरीत हात घालणं. आणि कप्प्यांच्या संख्येला भुलू नका. माझ्या आधीच्या बॅगेला अकरा होते, किल्ल्या नेहमी बाराव्यात.

---

रि: रि: रि: रोजच्या ऑफिससाठी बॅग सुचवा

मी स्टुडंट, रोज सॅकवर जगतो, म्हणून दोन पैसे माझे. बॅग फाटते ती कापडात नाही, एक तर चेन जाते नाहीतर पट्ट्याच्या मुळाशी उसवते. तिथे साधी एकेरी शिवण आहे का दाट झिगझॅग टाके आहेत ते बघा, पट्टा वरून ओढून बघा, दुकानदार बघत असला तरी. चेनच्या रनरमागे बऱ्याचदा आकडा असतो, 5, 8, 10, म्हणजे बंद दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी, मुख्य कप्प्याला 8 असेल तर छान. आणि चेन लावल्यावर मागून उघडायला लागली तर लगेच बॅग टाकू नका, बहुतेक वेळा दात चांगले असतात आणि रनर सैल झालेला असतो, त्याच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या दाबा, माझी एक बॅग त्यावर अजून चालतेय.

वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून लॅपटॉप तसाच पावसात नेऊ नका, कापडातून पाणी येत नाही पण शिवणीतून आणि चेनमधून येतं. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून बघा, तो बॅगेच्या तळापर्यंत जात असेल तर नको, दोन बोटं वरच संपला पाहिजे, नाहीतर बॅग जमिनीवर ठेवली की पहिला धक्का लॅपटॉपलाच.

---

रि: रि: रि: रि: रोजच्या ऑफिससाठी बॅग सुचवा

लेकीच्या दप्तराचं राहिलंच की. भरलेलं दप्तर मुलीच्या वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आत ठेवा, 30 किलोची असेल तर तीन ते साडेचार किलो. पट्टे रुंद, दोन्ही खांद्यांवर, जड पुस्तकं पाठीला लागून, आणि दप्तर कमरेच्या खाली लोंबायला नको. पुढे दोन वर्षं चालेल म्हणून मोठं घेऊ नका, मोठं घेतलं की मोठं भरतं.

---

रि: रि: रि: रि: रि: रोजच्या ऑफिससाठी बॅग सुचवा

सगळ्यांचे आभार! काका, काल रात्री खरंच वजन केलं, टोटसकट सहा किलो शंभर ग्रॅम. तळाशी दोन छत्र्या निघाल्या, एक बंद पडलेली पॉवर बँक आणि मागच्या नोकरीतली फाइल. आता पट्टे लपवता येणारी, गडद निळी, 18 लिटरची, साडेसातशे ग्रॅमची बघून ठेवलीये, शनिवारी लॅपटॉप आणि डबा घेऊनच दुकानात जाणार आहे. लेकीने मात्र पट्टे, वजन काहीही न बघता मांजराचं चित्र असलेलं दप्तर उचललं. पट्टे रुंद निघाले, म्हणून मी गप्प बसले.