जुन्या फोर-बाय-फोरची ऑइल गळती: सील बदललं तरी पुन्हा ओलं का होतं?

चिखलवाट
दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर, हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) मागच्या ड्रमवर. गळती चार ठिकाणी आहे. मागच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर) पिनियन सील, म्हणजे त्यात शिरणाऱ्या दातेरी दांड्याचं सील, आठ महिन्यांपूर्वी बदललं, तिथे पुन्हा ओल आहे. ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाखाली रात्रभरात तळहाताएवढा डाग पडतो आणि हँडब्रेक नीट पकडत नाही. मागच्या डाव्या ड्रममधून तेलाचा ओघळ येतो. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) तळाच्या छिद्रातून अधूनमधून थेंब पडतो. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पाने आणि टॉर्क पाना आहे. लिफ्ट किंवा प्रेस नाही. सुरुवात कुठून करू? आणि पिनियनचा नट नक्की किती आवळायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गोटीपाना
सील विकत घ्यायच्या आधी ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारं छोटं तोंड, उघडा. दोन्ही अ‍ॅक्सलवर एकेक असतो, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसवरही असतो. चिखलाने तो बुजला की तेल तापल्यावर आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती सीलच्या लिपखालून (दांड्याला टेकणारी रबरी कड) तेल बाहेर ढकलते. नवं सीलसुद्धा यात टिकत नाही. उलटंही होतं: तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर हेच झालंय. ब्रीदर काढून तोंडाने फुंकून बघा, हवा सहज गेली पाहिजे. पाण्यातून गाडी जात असेल तर ६ ते ८ मिमीची नळी इंजिनच्या कप्प्यात उंचावर न्या. मध्ये कुठे झोळ राहू देऊ नका, तिथे पाणी साचून पुन्हा बूच बसतं.

मग गळतीचं मूळ शोधा. डीग्रीझरने सगळं धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि १०-१५ किमी चालवून लगेच खाली बघा. तेल वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा तीच खरी. बेल हाउसिंगचा थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. तो आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. इंजिन ऑइल असेल तर मागचं क्रँक सील, पण आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग तपासा. तिथलं तेल इंजिनच्या पाठीवरून उतरून त्याच छिद्रातून पडतं आणि लोक उगाच गिअरबॉक्स उतरवतात. एखादाच थेंब असेल तर ते काम सगळ्यात शेवटी, क्लच बदलताना.

एक गोष्ट जिवाची आहे. तुमचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टमार्फत (ट्रान्सफर केसपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा) मागची चाकं धरतो. तो शाफ्ट काढला की हँडब्रेक मागच्या चाकांना धरत नाही. सपाट जागा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, त्याशिवाय खाली जाऊ नका.

जुनंलोखंड
पिनियनबद्दल. जुन्या डिफरन्शियलमध्ये दोन प्रकार असतात. काहींत दोन बेअरिंगांमध्ये शिम आणि घट्ट स्पेसर असतो. तिथे नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळायचा, विषय संपला. बाकीच्यांत क्रश स्लीव्ह असते, म्हणजे नट आवळताना चेपणारी नळी. तिच्यात टॉर्क पान्याचा आकडा कामाचा नाही, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावर आवळून दिलेला दाब, फिरवायला लागणाऱ्या जोरावरून मोजावा लागतो. सगळे वेगवेगळं सांगतात ते यामुळेच.

चाकं आणि ड्रम काढा, म्हणजे ब्रेकचा अडथळा राहणार नाही. शाफ्ट आणि फ्लँजवर (पिनियनच्या टोकावरची, शाफ्ट जोडायची चकती) पंचने खूण करून शाफ्ट सोडवा. फ्लँजला दोरी गुंडाळा, टोकाला स्प्रिंगचा काटा लावा आणि सावकाश ओढा. फिरायला लागतानाचा झटका सोडून द्या, सलग फिरतानाचा आकडा घ्या. काटा २ किलो दाखवत असेल आणि दोरीपासून मध्यापर्यंत ५ सेमी असेल, तर २ × ९.८ × ०.०५ म्हणजे साधारण १ न्यूटन-मीटर. हा आकडा लिहून ठेवा. आता नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज यांवर एकाच रेषेत खूण करा, दिसणारे आटे मोजा, मगच नट सोडा.

बसवताना नट खुणेपर्यंत हातानेच आणायचा, एअर गनने कधीच नाही. पुन्हा काट्याने मोजा. आधीच्यापेक्षा ०.३ ते ०.६ न्यूटन-मीटर जास्त आलं की थांबा. त्यापुढे गेलात तर नट ढिला करून भागत नाही; चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही, ती नवी टाकावी लागते. नट शक्यतो नवा घ्या.

आणखी एक वाट लोक विसरतात. तेल लिपमधूनच येतं असं नाही, फ्लँजच्या स्प्लाइनमधून (आतल्या उभ्या दातांच्या खाचा) नटाच्या वायसरखालूनही येतं. स्प्लाइनला आणि वायसरच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा पातळ हात द्या. आठ महिन्यांत परत ओल आली असेल तर हेसुद्धा कारण असू शकतं.

अक्षदंड
चिखलवाट, माझ्या मते डावं चाक सगळ्यात आधी. बाकी गळती तेल खाते, ही ब्रेक खाते. तेल प्यायलेले ब्रेक शू धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरू नका. गरम झाले की आत मुरलेलं तेल परत वर येतं. दोन्ही बाजूंचे नवे टाका, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. आधी व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, म्हणजे गळतंय ते ब्रेक ऑइल तर नाही हे कळेल.

डावी बाजू जरा उंच उचलली की तेल उजवीकडे जातं आणि हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) काढण्यासाठी डिफरन्शियल रिकामं करावं लागत नाही. पातळी मात्र तपासा. जादा भरलेलं तेलही अ‍ॅक्सलच्या नळीतून चाकापर्यंत पोचतं. पातळी म्हणजे सपाट जमिनीवर भरायच्या भोकाची खालची कड. तेल काढायचं झालं तर भरायचं बूच आधी सोडा. ते जाम निघालं आणि तेल काढून बसलात तर गाडी तिथेच अडकते.

तेलात गल्लत करू नका. हायपॉइड डिफरन्शियलला (ज्यात पिनियन मोठ्या गिअरच्या मध्यापासून सरकवलेला असतो) जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल हवं, बहुतेक वेळा ८०डब्ल्यू-९०. पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्सला पुस्तिकेत जीएल-४ असेल तर जीएल-४च. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं पितळ खाऊ शकतात.

चिखलवाट
मागचा ब्रीदर पूर्ण बुजलेला निघाला. डाव्या चाकाला गिअर ऑइलच आहे. ट्रान्सफर केसचा फ्लँज वर-खाली हलवला तर खेळ जाणवत नाही, पण सील जिथे घासतं तिथे खाच पडलीय, नख अडकतं. फ्लँज नवा मिळत नाहीये.

जुनंलोखंड
खेळ नाही म्हणजे बेअरिंग शाबूत, सील टिकेल. खाचेवर पातळ स्टीलचं रिपेअर स्लीव्ह बसतं. त्याची भिंत पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणून सीलचं माप तेच राहतं. फ्लँजचा व्यास खाच नसलेल्या जागी व्हर्निअरने मोजून स्लीव्ह मागवा. खाच खोल असेल तर एपॉक्सीने भरा आणि ती ओली असतानाच स्लीव्ह सोबतच्या टोपीने ठोकून बसवा. उघडी हातोडी मारली तर कड दुमडते आणि तीच कड नवं सील कापते. स्लीव्ह नाहीच मिळालं तर सील १-२ मिमी कमी खोल बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागी येईल. मागच्या तेलाच्या वाटेवर सील येत नाही एवढं बघा.

फ्लँज साफ करताना ६०० नंबरचा पॉलिश पेपर गोलच फिरवा. आडवे किंवा तिरके ओरखडे स्क्रूसारखे तेल बाहेर ओढतात. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, दोन लिपांमध्ये ग्रीस, आणि आत ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा सपाट कापलेला तुकडा. घड्याळाच्या बारा-सहा-तीन-नऊ अशा ठिकाणी हलके टोले द्या. एका बाजूने खोल गेलं तर ते काढून नवंच घ्या, सरळ करू नका.

हँडब्रेकचा ड्रम तुमच्या हातात येईलच. आतले शू तेलकट असतील तर अक्षदंड म्हणाले तोच नियम.