अनुभव धागा : बायबल शब्दशः खरं मानायचं का? तुम्ही कसं वाचता?

धागाकर्ती :
आमच्या बायबल अभ्यासवर्गात एक प्रश्न दर काही महिन्यांनी पुन्हा वर येतो. कुणीतरी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय एकापाठोपाठ वाचतं. पहिल्यात आधी पशुपक्षी आणि सगळ्यांत शेवटी माणूस. दुसऱ्यात आधी मातीचा माणूस, आणि मग त्याला एकटं वाटू नये म्हणून पशुपक्षी. "मग आधी कोण?" असं कुणीतरी विचारतं आणि सगळे आपापल्या पुस्तकात डोकं घालतात.

मी स्वतः ते अध्याय घडल्या घटनेची नोंद म्हणून वाचत नाही. हिब्रूत 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'अदामा' म्हणजे माती. मातीतून आलेला म्हणून तो आदाम, सगळी गोष्ट त्या नावातच आहे. हे कळलं तेव्हा तो अध्याय मला अधिक जवळचा वाटला. पण माझी आई शेवटपर्यंत सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस म्हणजे सहाच दिवस असं मानत होती, आणि तिच्याइतकं मनापासून क्षमा करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यामुळे कोण बरोबर हे मला इथे ठरवायचं नाही. तुम्ही बायबल शब्दशः खरं मानता का, आणि तसं मानल्यामुळे किंवा न मानल्यामुळे तुमच्या आयुष्यात काय घडलं, ते लिहा. मुद्दे मांडा, पण ते स्वतः जगलेले असू द्या. आणि कुणाच्या विश्वासाचं माप काढू नका, एवढी विनंती.

खडकांची विद्यार्थिनी :
आजोबांच्या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये पहिल्याच पानाच्या समासात सृष्टीच्या निर्मितीचं वर्ष म्हणून 'ख्रिस्तपूर्व ४००४' असं छापलेलं होतं. मला ते बायबलचंच वाक्य वाटायचं. पुढे भूविज्ञान शिकायला गेले. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांचं वय कसं काढतात ते शिकले, पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे हे कळलं, आणि माझी झोप उडाली. परीक्षेत एक उत्तर लिहायचं आणि रविवारी दुसऱ्याच उत्तराला आमेन म्हणायचं, असं दोन वर्षं केलं. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना धीर करून विचारलं, तर ते म्हणाले, हे शिक्षण सोड.

तो आकडा जेम्स अशर या आयर्लंडमधल्या आर्चबिशपांनी १६५० मध्ये, वंशावळींतली आणि राजांच्या कारकिर्दींची वर्षं जुळवून काढला होता, आणि इंग्रजी बायबलच्या समासात तो १७०१ पासून छापला जाऊ लागला, हे मला फार उशिरा समजलं. ज्या आकड्यासाठी मी रडले तो वचनात नव्हताच, समासात होता.

मग ऑगस्टीन हा प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित वाचला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर लिहिताना तो ख्रिस्ती लोकांना बजावतो : आकाश, पृथ्वी, ताऱ्यांची गती याबद्दल अविश्वासी माणसालाही अनुभवाने बरंच ठाऊक असतं. त्याच्यासमोर तुम्ही बायबलच्या नावाने चुकीचं काही बोललात, तर तुमच्या पुनरुत्थानाच्या आशेवर तो कसा विश्वास ठेवेल? (पृथ्वीचं वय मात्र त्याच्या मतेही सहा हजार वर्षांच्या आतच होतं, हेही सांगायला हवं. सोयीचा ऑगस्टीन तेवढा उचलायला नको.) 'दिवस' म्हणजे काय यावर तो वर्षानुवर्षं थांबून विचार करत राहिला. म्हणजे माझा प्रश्न पाप नव्हता. हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर ती दोन वर्षं वाचली असती.

तेरा वर्षं शुद्धीत :
मी शब्दशः मानतो, आणि का मानतो ते सांगतो.

मी दारूत बुडालेला माणूस होतो. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. एका रात्री कुणीतरी दिलेल्या नव्या करारात वाचलं, की जो कोणी ख्रिस्तामध्ये आहे तो नवी उत्पत्ती आहे. त्या रात्री 'हे रूपक आहे, त्या काळची भाषाशैली आहे' असं सांगणारा कुणी शेजारी असता, तर मी आज जिवंत नसतो. वाक्य जसं होतं तसं मी धरलं, बुडणारा दोर धरतो तसं. त्याला आता तेरा वर्षं झाली.

आम्हाला लोक समजतात तितके आम्ही भाबडे नाही. येशू 'मी दार आहे' म्हणतो तेव्हा बिजागऱ्या शोधत आम्ही बसत नाही. १९७८ च्या शिकागो निवेदनात, जे बायबलच्या निर्दोषत्वाबद्दल आमच्या बाजूचं सगळ्यांत नावाजलेलं निवेदन आहे, साहित्यप्रकार लक्षात घेऊन अर्थ लावा असं स्पष्ट आहे. प्रश्न थांबायचं कुठे हा आहे. आदाम प्रतीक म्हणाल, तर रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर ठेवतो, त्याचं काय करायचं? माशाच्या पोटात राहिलेला योना ही नुसती गोष्ट म्हणाल, तर येशूने आपल्या थडग्यातल्या तीन दिवसांची तुलना योनाच्या तीन दिवसांशी केली आहे. एक धागा ओढला की कापड कुठवर उसवेल? आणि पौल तर सरळच म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. ते वाक्य तुम्ही सगळे शब्दशः घेता ना? मग मी बाकीचीही तशीच घेतो, एवढंच.

कॅथलिक वाचक :
दादा, तुमची साक्ष वाचून थांबलो. तिच्यावर मला काही बोलायचं नाही. एकच अनुभव सांगतो.

माझा जिवलग मित्र तुमच्यासारख्याच मंडळीतला. सहा दिवसांवरून तो मला नेहमी म्हणायचा, "तुम्ही वचन सौम्य करता." एकदा मी योहानाचा सहावा अध्याय काढला : माझा देह खरं खाद्य आहे, माझं रक्त खरं पेय आहे. पुष्कळ शिष्य तिथे येशूला सोडून गेले, तरी त्याने शब्द मागे घेतले नाहीत. मित्र पटकन म्हणाला, "ते प्रतीक आहे." तेव्हा आम्हा दोघांनाही काहीतरी कळलं. शब्दशः आम्हीही वाचतो आणि तेही, फक्त पानं वेगळी.

ही रेघ जुनी आहे. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक अशाच एका वाक्यावर अडले. शेवटच्या भोजनात येशूने भाकरीबद्दल काढलेले 'हे माझं शरीर आहे' हे शब्द ल्यूथरने खडूने मेजावर लिहिले आणि तो तिथून हलला नाही. बाकी बहुतेक सगळ्या मुद्द्यांवर दोघांचं जमलं होतं.

आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात म्हटलं आहे, की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवून ठेवायचं होतं ते पवित्र शास्त्र चूक न करता शिकवतं, आणि लेखकाला काय सांगायचं होतं ते शोधताना त्याचा साहित्यप्रकार पाहावा. मला या वाक्याचा आधार वाटतो. मित्राला ती पळवाट वाटते. आम्ही अजून एकमेकांसाठी प्रार्थना करतो.

संडे स्कूलची ताई :
सहा दिवस, योनाचा मासा, नोहाचं तारू यांवर मुलं अडत नाहीत. खरं अडतात ती दुसरीकडेच.

नऊ वर्षांची एक मुलगी. मी शौल राजाची गोष्ट सांगत होते, तिने पुस्तक उघडून पुढचं स्वतःच वाचलं. पहिलं शमुवेल, पंधरावा अध्याय. देवाची शौलाला आज्ञा : अमालेकी लोकांचा नाश कर, पुरुष, स्त्रिया, मुलं, तान्ही बाळंही. तिने वर बघून विचारलं, "ताई, बाळांनी काय केलं होतं?"

मला ठरलेली उत्तरं पाठ होती. देवाचा न्याय आपल्याला कळत नाही. ते लोक फार दुष्ट होते. ती बाळं स्वर्गात गेली. त्यातलं एकही माझ्या तोंडून निघेना, कारण माझी स्वतःची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. मी म्हणाले, "मला माहीत नाही, आणि मलाही ते वाचून त्रास होतो." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येशू तर बाळांना जवळ घ्यायचा."

घरी येऊन खूप वाचलं. कुणी म्हणतात, त्या काळच्या युद्धवर्णनांत अतिशयोक्तीची रीत होती, शत्रू 'समूळ नष्ट' झाला असं लिहायचेच. त्याच पुस्तकात पुढे, तिसाव्या अध्यायात, अमालेकी पुन्हा जिवंत भेटतात हेही खरं. कुणी म्हणतात, इस्राएलला देवाची ओळख हळूहळू पटत गेली आणि लोकांनी आपली समज देवाच्या तोंडी घातली. हे दुसरं उत्तर मला पटतं, पण ते मान्य केलं की 'देव म्हणाला' असं जिथे लिहिलंय तिथे प्रत्येक वेळी तो म्हणालाच असं मला म्हणता येत नाही. मी आज तिथे उभी आहे. सोपं नाही. तरीही, देवाने तान्ही बाळं मारायला सांगितली असं त्या मुलीला शिकवण्यापेक्षा मला हे ओझं चालेल.

आता विश्वासात नाही :
थोडक्यात लिहितो. मला लहानपणापासून शिकवलं होतं, एक चूक सापडली तर सगळं पुस्तक खोटं. मग एक दिवस दावीद राजाने केलेली शिरगणती दोन ठिकाणी वाचली. शमुवेलाच्या पुस्तकात देव दाविदाला प्रवृत्त करतो, 'इतिहास' या पुस्तकात सैतान. एकीकडे इस्राएलचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख, दुसरीकडे अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. मी शिकवल्याप्रमाणेच वागलो, सगळंच सोडलं. आज वाटतं, मला निवड करायला दोनच दारं दाखवली होती. राग पुस्तकावर नाही, त्या शिकवणीवर आहे. स्तोत्रं अजूनही आठवतात, विशेषतः रात्री.

नाव देत नाही :
लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून नवरा मारायचा. मी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले. त्यांनी बायबल उघडून इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, बाविसावं वचन वाचलं : स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. मग मलाखी वाचलं, देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे. म्हणाले, वचन स्पष्ट आहे, आपण बदलू शकत नाही. मी परत गेले. सात वर्षं.

नंतर रुग्णालयात पडल्या पडल्या तोच अध्याय पुढे वाचला. पंचविसावं वचन : पतींनो, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केलं तशी पत्नीवर प्रीती करा. हे शब्दशः पाळ असं माझ्या नवऱ्याला कुणीही कधी सांगितलं नव्हतं. आणि मलाखीतलं ते वचन अर्धंच वाचलं होतं. त्याच वाक्याच्या दुसऱ्या भागात, जो आपलं वस्त्र जुलमाने झाकतो त्याचाही देवाला तिटकारा आहे, असं आहे. त्याच वाक्यात. स्वल्पविरामाच्या पलीकडे.

म्हणून मला 'शब्दशः की प्रतीकात्मक' या वादात रस नाही. माझ्यासमोर जी माणसं बसली होती ती शब्दशः वाचत नव्हती. त्यांना हवे तेवढे शब्द ती वाचत होती.

ग्रीक-हिब्रू शिकणारा :
नाव न देणाऱ्या ताई, मी दुसरंच लिहायला आलो होतो. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री, त्याचं जुन्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, झालं आणि येशूच्या जन्माबद्दल लिहिताना मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ते ग्रीक घेतलं. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत, आणि 'साप उचलतील' हे त्याच भागात आहे, ज्यावर भिस्त ठेवून लोकांनी खरोखर साप हातात धरले आणि काही दगावले. 'शब्दशः' म्हणताना कुठल्या हस्तलिखिताचे शब्द, असं मला विचारायचं होतं.

पण तुमचं वाचल्यावर एकच सांगावंसं वाटतं. इफिसकरांसमधलं बाविसावं वचन उपलब्ध सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत, म्हणजे पपायरस ४६ आणि व्हॅटिकन प्रतीत, क्रियापदाशिवाय आहे. 'अधीन असा' हे शब्द तिथे नाहीतच. ते एकविसाव्या वचनातून पुढे येतात, आणि एकविसावं वचन आहे : ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. पुष्कळ छापील बायबलांत या दोन वचनांच्या मध्ये नवं शीर्षक घालतात आणि वाक्य तुटतं. तुम्हाला जे वाचून दाखवलं, ते मूळ ग्रीकमध्ये स्वतंत्र वाक्यसुद्धा नाही.

तेरा वर्षं शुद्धीत :
वरचं दोनदा वाचलं. ताई, मी तो अध्याय आमच्या पुरुषांच्या वर्गात चार वर्षं शिकवला आहे, आणि दर वेळी बाविसाव्यापासूनच सुरुवात केली. माझ्या बायबलमध्येही तिथे शीर्षक आहे. मी अजूनही शब्दशः मानतो. म्हणूनच हे मला जास्त लागलं.

आमच्या वर्गात एक माणूस आहे, त्याच्या घरात काय चालतं याची मला शंका होती आणि मी विचारलं नाही. या रविवारी एकविसाव्यापासून वाचणार आहे, आणि वर्ग संपल्यावर त्याच्याशी बोलणार आहे.

नाव देत नाही :
त्याच्याशी बोलण्याआधी त्याच्या बायकोशी तुमच्या पत्नीला बोलू द्या, तेही एकटीशी. आधी त्याला विचारलंत, तर त्या रात्री तिला मार बसेल.