शब्दचर्चा: त्रुटी, चूक, अनिश्चितता आणि जोखीम

प्रश्न

निरनिराळ्या विद्याशाखांतील शोधनिबंधांचे सारांश मराठीत आणण्याचे काम मी सध्या करते आहे. भौतिकशास्त्र, पर्यावरणविषयक कायदा, वैद्यक, ऊर्जा आणि संगणन या पाचही शाखांत ‘एरर’ आणि ‘अनसर्टन्टी’ हे शब्द सतत भेटतात. पहिल्यासाठी मी सरसकट ‘त्रुटी’ लिहीत आले आणि दुसऱ्यासाठी ‘अनिश्चितता’. परंतु वाक्य पुन्हा वाचले की कधी संशोधकाने काम नीट केले नाही असा अर्थ निघतो, तर कधी त्याला काहीच कळलेले नाही असा. मूळ लेखकाला यांतले काहीही म्हणायचे नसते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली अडचण खरी आहे आणि तिचे मूळ ‘त्रुटी’ या शब्दाला मराठीत आलेल्या वजनात आहे. ‘त्रुट्’ धातूपासून आलेला हा शब्द ‘तूट’ आणि ‘तुटणे’ यांच्याच घरातला. संस्कृतात अतिसूक्ष्म कालमानालाही त्रुटी म्हणत, पण तो अर्थ आपल्या बोलण्यात उरलेला नाही. अर्जातील त्रुटी, कायद्यातील त्रुटी असे म्हटले की जे असायला हवे होते ते नाही आणि कोणीतरी ते भरून काढले पाहिजे, एवढेच आपल्याला समजते. ‘मापनातील त्रुटी’ ही संज्ञा पाठ्यपुस्तकांतून रुळलेली आहे. ती काढून टाकावी असे मी म्हणणार नाही, पण ती कशासाठी राखून ठेवायची हे ठरवावे लागेल.

मापनशास्त्राने हे आधीच ठरवलेले आहे. मापनातील अनिश्चितता कशी व्यक्त करावी याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार मोजून आलेले मूल्य आणि खरे मूल्य यांतील फरक ही त्रुटी. खरे मूल्य नेमके ठाऊक नसते, म्हणून हा फरकही नेमका सांगता येत नाही. अनिश्चितता मात्र सांगता येते, कारण हाती असलेल्या माहितीवरून मूल्य किती रुंद पट्ट्यात असू शकेल याचा तो हिशेब असतो. न्यूटनच्या गुरुत्वस्थिरांकाचे स्वीकृत मूल्य ६.६७४३० अधिक-उणे ०.०००१५ असे देतात (गुणिले दहाचा उणे अकरावा घात, एककांसह). त्यातील अधिक-उण्यानंतरचा आकडा हा शोधाचाच भाग आहे आणि तो मिळवण्यासाठी मूळ आकड्याइतकेच, कधी त्याहून जास्त, कष्ट पडतात. त्याला ‘त्रुटी’ म्हणणे मला अन्यायकारक वाटते.

चूक, त्रुटी आणि अनिश्चितता या तीन शब्दांतील अंतर एकाच प्रसंगात पाहायचे असेल तर न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म मूलकणांच्या वेगाचे प्रकरण आठवावे. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाच्या गटाने जाहीर केले की जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) आधी पोहोचताना दिसतात. त्यांनी दिलेली अनिश्चितता सुमारे १० नॅनोसेकंदांची होती. पुढे २०१२ मध्ये वेळमापनाच्या यंत्रणेत दोष सापडले. त्यांत प्रकाशतंतूच्या एका केबलची जोडणी नीट बसलेली नसणे हा मुख्य होता. नव्या मोजणीत न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशवेगाशी जुळला. येथे सैल जोडणीसारखे दोष ही चूक, त्यांच्यामुळे उत्तरात पडलेला एकूण सुमारे ६० नॅनोसेकंदांचा फरक ही त्रुटी, आणि गटाने आधीच सांगितलेले १० नॅनोसेकंद ही अनिश्चितता. ती प्रामाणिकपणे काढलेली होती, पण जी चूक कोणाच्या ध्यानातच आलेली नाही तिला त्या हिशेबात स्थान मिळू शकत नाही. तिन्हींसाठी ‘त्रुटी’ हा एकच शब्द वापरून हा प्रसंग लिहून पाहावा. वाचकाला काहीही उमगणार नाही.

भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांचे अनिश्चिततेचे तत्त्व यापासून वेगळे ठेवावे. ते मांडणाऱ्या १९२७ च्या निबंधात त्यांनी मुख्यतः ‘अचूकतेचा अभाव’ या अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता, आणि आज जर्मनमध्ये त्या तत्त्वाला कडा पुसट असणे सुचवणारे नाव आहे. उपकरण कितीही सुधारले तरी कणाचे स्थान आणि संवेग यांतला हा पुसटपणा जात नाही. ‘अनिश्चिततेचे तत्त्व’ हे नाव मराठीत पक्के झाले आहे आणि ते तसेच राहू द्यावे. मात्र केवळ मापनाबद्दल बोलताना शक्य तेथे ‘मापन-अनिश्चितता’ असे जोडून लिहिल्यास घोटाळा टळतो.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन प्रयोगशाळेपुरते पटते, परंतु पर्यावरणविषयक कायद्यात ‘अनिश्चितता’ हाच शब्द घातक ठरतो. ‘या रसायनाच्या परिणामांबाबत अनिश्चितता आहे’ असे वाचणाऱ्या सामान्य माणसाला ‘अजून काही सिद्ध झालेले नाही, तेव्हा थांबावे’ असेच वाटते.

प्रतिसाद

ही हरकत महत्त्वाची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या पर्यावरणविषयक रिओ जाहीरनाम्यातील पंधरावे तत्त्व नेमके या गैरसमजाविरुद्ध लिहिलेले आहे: गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तेथे पूर्ण शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर पर्यावरणाचा ऱ्हास रोखणारे, खर्चाच्या दृष्टीने परिणामकारक उपाय पुढे ढकलू नयेत, असा त्याचा आशय आहे. मराठीत याला ‘सावधगिरीचे तत्त्व’ म्हणतात. अशा ठिकाणी ‘पूर्ण खात्री नसणे’ असे विस्ताराने लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण त्यात बरीचशी खात्री असण्याला जागा राहते. ‘अनिश्चितता’ या एकाच शब्दाने ती जागा झाकली जाते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने तर शब्दांना आकडेच बांधून दिले आहेत. त्यांच्या अहवालांतील ‘शक्य आहे’ (मूळ ‘लाइकली’) या पायरीचा अर्थ किमान ६६ टक्के संभाव्यता, ‘फार शक्य आहे’ म्हणजे किमान ९० टक्के. अनुवादात या पायऱ्यांसाठी ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘संभवतः’ असे शब्द आलटून पालटून वापरले तर वाक्ये एकसुरी होत नाहीत, पण अहवालाचा अर्थ हातचा जातो. येथे एकसुरीपणाच पत्करावा.

याला लागूनच ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांचा प्रश्न येतो, आणि वैद्यकीय मजकुरात तो सर्वांत जास्त नडतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात ठेवले. तो गट एवढेच सांगतो की या गोष्टीने माणसात कर्करोग होऊ शकतो याचा पुरेसा पुरावा आहे. म्हणजे तो धोक्याचा गट आहे. किती प्रमाणात, किती जणांना, हा जोखमीचा प्रश्न वेगळा. रोज ५० ग्रॅम असे मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्या वेळचा अंदाज होता, आणि ही वाढ सापेक्ष आहे: मुळातली जोखीम शंभरात पाच असेल तर ती शंभरात सुमारे सहा होते. दोन्हींकडे ‘धोका’ लिहिले की मांस आणि तंबाखू सारखेच घातक असा निष्कर्ष वाचक काढतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. ‘जोखीम’ या शब्दाशेजारी ‘जोखणे’ आपोआप ऐकू येते. जी जोखता येते ती जोखीम, ही खूण लक्षात ठेवायला सोयीची आहे.

मूळ प्रश्न

ऊर्जा आणि संगणन यांबद्दलही सांगावे. पवनऊर्जेला मी ‘अनिश्चित ऊर्जा’ लिहिले होते.

प्रतिसाद

ते बदलावे. ‘बदलती’ आणि ‘अनिश्चित’ यांत फरक आहे. सूर्यास्तानंतर सौरवीज शून्यावर येते. हा बदल मोठा आहे, पण त्यात अनिश्चित काहीच नाही, त्याची वेळ वर्षभर आधी मिनिटापर्यंत सांगता येते. उद्या दुपारी ढग किती येतील, वारा किती वाहील, ही अनिश्चितता. विद्युतजालाच्या चालकाला दोन्हींसाठी वेगवेगळी तजवीज करावी लागते, त्यामुळे शब्दही दोन हवेत. ‘बेभरवशाची’ हा शब्द तर टाळावाच; त्यात निर्णय आधीच दिलेला असतो.

संगणनात प्रकरण उलटे आहे. बहुतेक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, कारण हे दशांश द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके लिहिता येत नाहीत. येथे आज्ञावलीत चूक नाही आणि अनिश्चितताही नाही, कारण प्रत्येक वेळी तेच उत्तर येणार. या फरकाला ‘पूर्णांकनाची त्रुटी’ म्हणावे: मूल्य नेमके लिहिण्यात तूट राहिली आहे, ती किती हे काढता येते, आणि दोष कोणाचाच नाही. मापनात जो शब्द मला खटकतो, तो येथे नेमका बसतो.