बीपीच्या गोळ्या दर महिन्याला कमी पडतात: दोष नक्की कुठे?

खाडीपल्याड: सिस्टिम्स थिंकिंगच्या (एका गोष्टीचा दुसरीवर आणि फिरून पहिलीवर कसा परिणाम होतो ते बघायच्या) प्रशिक्षणात गोल आणि बाण खूप काढले, आता प्रत्यक्षाचं बोलूया. प्रा. आ. केंद्रात बीपीचे ४०० रुग्ण, अम्लोडिपिन ५ मिग्रॅ. गोळ्या येतात ७,०००, विसाव्या दिवशी संपतात. जास्त मागितल्या तर ‘तुमचा वापरच तेवढा’ असं उत्तर. फॉलोअपही घसरलाय. आशाताईंना घरोघरी पाठवावं का?

औषधखोली: आत्ता नको. आधी मागणीपत्रक बघा. ३०० जण रोज एक आणि १०० जण रोज दोन गोळ्यांवर धरले तर दिवसाला ५००, महिन्याला १५,०००. येतात ७,०००, म्हणून वापर ७,०००. पुढची मागणी त्याच वापरावर, म्हणून पुन्हा ७,०००. रिकाम्या हाती परतलेला माणूस कुठल्याच रजिस्टरला नाही. वाडीवरून एसटीचं भाडं घालून आलेला असा माणूस पुन्हा फिरकत नाही, मग वापर खरोखरच घटतो. आशाताईंनी माणसं आणली तर साठा आणखी लवकर संपेल, एवढंच.

तिमाही मागणी: ५०० × ९० = ४५,०००, अधिक महिन्याचा राखीव १५,०००, वजा हातातला आणि वाटेतला साठा. सोबत रुग्णसंख्या आणि परत गेलेल्यांचा आकडा जोडा.

तालुका_स्टोअर: फुगवून मात्र मागू नका. केंद्रं फुगवतात म्हणून वरचे कापतात, वरचे कापतात म्हणून केंद्रं फुगवतात. आणि ३० ऐवजी १५ गोळ्या देऊन भागवायचं तर फेऱ्या दुप्पट, ओपीडीची रांग दुप्पट, बीपी मोजायला सिस्टरना वेळच नाही.

लावणी_झाली_का: आपल्याकडे पावसाचं गणित वेगळं. लावणीच्या दिवसांत ओपीडीला कोण येतंय? बीपी १४०/९० च्या खाली स्थिर असलेल्यांना मेअखेर ६० दिवसांच्या गोळ्या द्या. त्या महिन्याचा साठा तसा आधीच मागवा. गणपतीत चाकरमानी गोळ्या मुंबईला विसरून येतात. त्यांची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर त्या महिन्याचा वापर फुगलेला दिसतो. उलट पावसाळ्यात मुलाकडे मुंबईला गेलेले म्हातारे ‘उपचार सोडले’ यादीत पडतात. ही यादी तपासायला आशाताई हव्यात.

खाडीपल्याड: मग वाटप उपकेंद्रांवरून करू?

औषधखोली: स्थिर रुग्णांचं करा. पण राखीव साठा केंद्रातच ठेवा. पाच ठिकाणी वाटला की एकीकडे मुदत संपते, दुसरीकडे डबा रिकामा. उपकेंद्राला ४५ दिवसांचा साठा द्या, आणि शिल्लक सीएचओंनी (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी) दर आठवड्याला कळवायची.