लॅटरल थिंकिंग शिकवून येतं का?

खटपट्या (धागाकर्ता)

लॅटरल थिंकिंग असतं, हे मला मान्य आहे. ते दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकवता येतं, हे मान्य नाही. अशा शिकवण्यामुळे लोक मूळ प्रश्नाचा अभ्यासच टाळायला लागतात, असं माझं मत आहे. विरोधी मतं वाचायला आवडतील.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली ही संज्ञा रूढ केली. त्यांचं म्हणणं असं, की मेंदू अनुभवांचे साचे बनवतो आणि पुढचा प्रत्येक प्रश्न त्याच साच्यात घालून बघतो. पायरीपायरीने केलेला तर्कशुद्ध विचारही साच्याच्या आतच फिरत राहतो. म्हणून मुद्दाम बाजूला सरकायचं. गृहीतकं उलटी करायची, एखादा असंबद्ध शब्द उचलून प्रश्नाला जोडून बघायचा, अशक्य वाटणारं विधान करून त्यातून काय निघतं ते पाहायचं.

साच्यांबद्दल वाद नाही. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये लोकांना तीन भांड्यांनी पाणी मोजायची कोडी दिली होती. पहिली काही कोडी एकाच लांबलचक रीतीने सुटत. पुढे अगदी सोपी रीत समोर असतानाही बरेच जण जुनीच वापरत राहिले. निदान बरोबर आहे. माझी तक्रार औषधाबद्दल आहे.

नऊ ठिपक्यांचं कोडं घ्या. तीन ओळींत तीन-तीन ठिपके, हात न उचलता चार सरळ रेघांनी सगळे जोडायचे. रेघा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेल्या तरच जमतं. ‘चौकटीबाहेर विचार करा’ म्हणणारा प्रत्येक जण हेच कोडं दाखवतो. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा यांनी १९८१ मध्ये लोकांना सरळ सांगूनच टाकलं, की चौकोनाबाहेर जावं लागेल. तरीही बहुतेकांना ते सुटलं नाही. तशाच प्रकारच्या सोप्या कोड्यांचा आधी सराव दिल्यावर मात्र फरक पडला. म्हणजे उपयोगी पडला तो सराव. मोकळं होण्याचा उपदेश कामाला आला नाही.

मुक्तछंद

खटपट्या, तुम्ही सर्वांत दुबळं उदाहरण निवडलंत. ‘चौकटीबाहेर जा’ हा नुसता सल्ला आहे, तंत्र नाही. तंत्र कसं चालतं ते डी बोनो यांच्याच उदाहरणातून बघू.

नदीकाठचा कारखाना सांडपाणी सोडतो आणि खालच्या अंगाच्या लोकांना घाण पाणी मिळतं. नेहमीचा विचार दंड, तपासणी, शुद्धीकरण यंत्रणा या वाटेने जातो. डी बोनो एक अशक्य विधान मांडतात: कारखाना स्वतःच्याच खालच्या अंगाला असावा. शब्दशः हे वेडेपणाचं आहे. पण त्यातून एक नियम निघतो, की कारखान्याने पाणी घ्यायची जागा स्वतःच्या सांडपाण्याच्या खाली ठेवावी. मग आपण सोडलेली घाण आपल्याच नळात येते आणि शुद्धीकरणात कारखान्याचाच स्वार्थ तयार होतो.

दंडाची रक्कम किती असावी यावर वर्षभर चर्चा केली तरी हा नियम हाती लागला नसता. ती चर्चा ‘त्यांना कसं रोखायचं’ याच प्रश्नाची आहे. अशक्य विधानाने प्रश्नच बदलला. हे पुन्हापुन्हा करता येतं आणि करताकरता हात बसतो. मग शिकवता का येऊ नये?

गणितवेडी

मुक्तछंद, उदाहरण सुंदर आहे, पण त्यातलं निम्मं श्रेय तुम्ही भलत्याला देताय. अशी शंभर विधानं कुणीही करेल. ‘कारखाना आकाशात असावा’, ‘नदीने वर वाहावं’. त्यातलं कामाचं कुठलं, हे कोण ठरवतं? पाणी कुठून घेतात, प्रदूषण कसं वाहतं आणि मालकाला कशाची चाड असते, हे ज्याला ठाऊक आहे तो. निवड करणारा विचार पूर्णपणे जुन्या, सरळ पद्धतीचा आहे.

अब्राहम वाल्ड यांचं उदाहरण लॅटरल थिंकिंगच्या प्रत्येक व्याख्यानात येतं. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त आहेत ते पाहून तिथे चिलखत लावायचा विचार चालला होता, आणि वाल्ड म्हणाले की जिथे भोकं नाहीत तिथे लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. गोष्ट अशी सांगतात, जणू एका माणसाला चमकदार कल्पना सुचली. प्रत्यक्षात वाल्ड कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्र संशोधन गटात होते, आणि १९४३ मधली त्यांची टिपणं समीकरणांनी भरलेली आहेत. परतलेल्या विमानांच्या आकड्यांवरून विमानाच्या प्रत्येक भागाला लागलेली गोळी किती घातक ठरते, याचा अंदाज कसा काढायचा, हे त्यांनी पायरीपायरीने मांडलं. नमुना कसा निवडला गेलाय हे विचारणं संख्याशास्त्रज्ञाचं रोजचं काम आहे. आपल्याला आडवाट वाटते ती त्यांची नेहमीची वहिवाट होती. वाल्डना असंबद्ध शब्दांची गरज पडली नाही.

खटपट्या

+१. गोष्ट सांगताना गणित गाळलं की ज्ञान दिसेनासं होतं आणि फक्त चमत्कार उरतो. कार्यशाळांत तोच विकला जातो.

प्रयोगवही

दोघांनाही एक अडचण सांगते. ज्ञान नेहमीच मदत करत नाही, कधीकधी तेच आड येतं.

कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रश्न १९३५ साली प्रसिद्ध झाला. मेणबत्ती, काड्या आणि टाचण्या दिलेल्या, मेणबत्ती उभ्या पृष्ठभागावर बसवायची. उत्तर असं, की टाचण्यांचं खोकं रिकामं करून ते टोचायचं आणि त्याचा फळीसारखा उपयोग करायचा. खोकं भरून दिलं तर कमी लोकांना सुचतं, रिकामं दिलं तर जास्त. ‘खोकं म्हणजे वस्तू ठेवायला’ हे ज्ञानच डोळ्यांवर येतं. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफेटर यांनी २००० साली मुलांवर असाच प्रयोग केला. ५ वर्षांच्या मुलांना खोकं भरलेलं असो की रिकामं, फारसा फरक पडला नाही. जरा मोठी, ६-७ वर्षांची मुलं मात्र भरलेल्या खोक्यापाशी अडखळली. वाढत्या माहितीबरोबर अडखळणंही वाढतं, हे मला विचार करायला लावणारं वाटतं. गणितवेडी, तुमच्या मांडणीत याला जागा कुठे आहे?

गणितवेडी

जागा आहे. वस्तूबद्दल एकच गोष्ट माहीत असणं आणि खूप गोष्टी माहीत असणं यात फरक आहे. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानात स्फोट झाल्यावर तिघे अंतराळवीर त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरायला दोघांसाठी बनवलेल्या चांद्रयानात आले आणि कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. मुख्य यानातले हा वायू शोषणारे डबे चौकोनी, चांद्रयानातली खाच गोल. जमिनीवरच्या अभियंत्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळपोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी वापरून जोड तयार केला. पुस्तिकेचा पुठ्ठा हवेच्या वाटेत वापरायचं धाडस त्यांनी केलं, कारण यानातली प्रत्येक वस्तू आणि हवेचा प्रवाह त्यांना नीट ठाऊक होता.

मुक्तछंद

मग आपण फार लांब नाही. जाणकाराला वस्तूंचे दहा उपयोग माहीत असतात, पण घाईत तोही पहिल्याच उपयोगापाशी थांबतो. तंत्र त्याला दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत ढकलतं. हे अडाण्याच्या हातात देऊन निकाल मागायचा आणि मग तंत्र फोल म्हणायचं, हा अन्याय आहे.

आणि एक सांगतो, कार्यशाळांवरचा राग बराचसा गटचर्चेच्या अतिरेकावरचा आहे. टीका बंद ठेवून एकत्र बसून कल्पनांचा पाऊस पाडायचा, ही पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न यांची, डी बोनोंची नव्हे. येल विद्यापीठात १९५८ मध्ये तिची परीक्षा झाली, तेव्हा एकेकटं बसून विचार करणाऱ्यांच्या कल्पनांची बेरीज गटापेक्षा जास्त निघाली. ती चूक लॅटरल थिंकिंगच्या नावावर टाकू नका.

खटपट्या

हे वेगळं काढलंत ते बरं झालं. मग चाचणी जाणकारांवरच व्हायला हवी. एकाच क्षेत्रातले, सारख्या अनुभवाचे लोक घ्या. निम्म्यांना असंबद्ध शब्दाचं तंत्र द्या, निम्म्यांना तेवढाच जादा वेळ प्रश्नाची माहिती वाचायला द्या. आलेल्या उत्तरांवर नावं न दाखवता तिसऱ्या जाणकारांकडून निवाडा घ्या. माझा कौल वाचणाऱ्यांच्या बाजूने.

मुक्तछंद

चाचणी मंजूर, पण निवाडा फक्त जाणकारांकडे नको. नवं उत्तर सुरुवातीला जाणकारांनाच सर्वांत खुळचट वाटतं. उत्तरं प्रत्यक्ष करून बघितली तरच मी निकाल मानेन.