मदत हवी आहे: एसीतून गळलेला गॅस कार्बनच्या हिशेबात कसा धरायचा?

घरच्या वर्षभराच्या उत्सर्जनाचा तक्ता करतोय. इंधनाचं सोपं आहे: पेट्रोल लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेल २.७, स्वयंपाकाचा एलपीजी किलोमागे ३ किलो. विजेची युनिटं बिलावरून घेतली, त्यांना आपल्या ग्रिडचा (युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड, तो) आकडा लावला.

अडलंय ते एसीपाशी. यंत्रावरच्या पट्टीवर आर-४१०ए, म्हणजे आत फिरणाऱ्या थंडाव्याच्या गॅसचं नाव, लिहिलंय. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापवतो. म्हणजे ६०० ग्रॅम गळला तर सव्वा टन, जवळपास ५४५ लिटर पेट्रोल जाळल्याइतकं! हा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच, बहुतेकदा फ्लेअर नटपाशी (नळ्या जोडतात तिथे) किंवा कॉइलला गंज लागून.

आता प्रश्न.

१. गळती दोन-तीन वर्षं हळूहळू झाली असेल, तर सगळा आकडा गॅस भरला त्या वर्षात टाकायचा की वाटून?

२. भरण्याआधी उरलेला गॅस हवेत सोडला असेल, तर पट्टीवर लिहिलेलं गॅसचं पूर्ण वजन धरायचं ना? माझ्या मते हो, कारण तोही वातावरणातच गेला.

३. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून वजन करून द्या, असं मेकॅनिकला सांगताना नेमकं काय तपासायचं? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

विमानप्रवासाच्या धूररेषांचा (विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांचा) परिणाम कुणी वेगळा धरत असाल, तर इंधनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, तेही कळवा.