मदत हवी आहे: गिंपमध्ये मराठी अक्षरांना बॉर्डर दिली की शिरोरेषेत जोड दिसतात

नमस्कार मंडळी,

माउलींची पालखी आमच्या गावावरून पुढे जाते. दरवर्षी वेशीवर १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स लागतो आणि यंदा 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणत तो माझ्या गळ्यात मारलाय. मजकूर एवढाच: 'वारकऱ्यांचे सहर्ष स्वागत'. सोनेरी अक्षरं, भोवती जाड पांढरी बॉर्डर, तिच्याबाहेर लाल. चौकाचौकात दिसतं तेच. मला वाटलं दोन क्लिकचं काम असेल.

गिंप २.१० (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) वापरतोय, फॉन्ट मुक्ता, लॅपटॉप जुना (४ जीबी रॅम). एका इंग्रजी व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे टेक्स्ट लेयरवर राइट क्लिक करून 'टेक्स्ट टू पाथ' केलं (अक्षरांच्या कडांची रेषा बनते) आणि मग एडिट मेनूतून 'स्ट्रोक पाथ' (त्या रेषेवरून रंग फिरतो). व्हिडिओतल्या इंग्रजी अक्षरांना झकास बॉर्डर आली. माझ्याकडे मात्र 'सहर्ष'मध्ये स आणि ह जिथे भेटतात तिथे शिरोरेषेत उभी रेघ, काना चिकटतो तिथे आणखी एक. पत्रे कापून जोडल्यासारखं दिसतंय. फॉन्ट बदलून पाहिला, तीच गत.

फ्लेक्सच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "श्रीलिपीत टाइप करून आणा." ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. शिवाय प्रत्येक स्ट्रोकला लॅपटॉप इतका वेळ घेतो की चहा होऊन, पिऊन, कप विसळून होतो. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवलंय, कमी करू का?

प्रतिसाद १

फोटोशॉप घ्या, लेयर स्टाइलमध्ये स्ट्रोक द्या, विषय संपला.

प्रतिसाद २

विषय संपला काय! फुकटातलं वापरतायत ते, आणि गिंपमध्ये हे व्यवस्थित होतं.

दादा, दोष तुमचाही नाही आणि फॉन्टचाही नाही. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. दोन तुकड्यांत फट दिसू नये म्हणून ते एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. आत रंग भरलेला असतो तोवर कळत नाही. पाथ केला की प्रत्येक तुकड्याची कड वेगळी होते आणि स्ट्रोक त्या सगळ्या कडांवरून फिरतो. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, म्हणून तो व्हिडिओवाला सुखी.

तेव्हा पाथ सोडा. टेक्स्ट लेयरवर राइट क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' करा. यात गिंप फक्त 'इथे रंग आहे की नाही' एवढंच बघतं, त्यामुळे अख्खा शब्द एकसंध निवडला जातो. मग सिलेक्ट मेनूतून 'ग्रो', म्हणजे निवड चहूबाजूंनी फुगते. टेक्स्टच्या खाली नवा पारदर्शक लेयर घ्या, पूर्ण चित्राच्या मापाचा, आणि त्यात पांढरा भरा. सिलेक्शन न सोडता पुन्हा ग्रो, त्याच्याही खाली नवा लेयर, त्यात लाल. टेक्स्टच्याच लेयरवर रंग भरू नका. तो मजकुराएवढाच असतो, बॉर्डर कडेला कापली जाईल.

ग्रो केल्यावर बाहेरचे कोपरे गोलसर होतात. मला तरी पालखीच्या फ्लेक्सवर तेच आवडतात.

आता ३०० डीपीआय. १० बाय ६ फुटांना त्याचे होतात ३६,००० बाय २१,६०० पिक्सेल, म्हणजे ७७ कोटींच्या वर. ८ बिटमध्येसुद्धा एक लेयर ३ जीबीच्या पुढे जातो, आणि तुमच्याकडे रॅम ४! वेशीवरचा फ्लेक्स कोणी नाक लावून वाचत नाही. ७२ ठेवा: ८,६४० बाय ५,१८४, लेयरला १८० एमबीच्या आसपास. या मापात पांढऱ्यासाठी ३६ पिक्सेल ग्रो केलं की छापून बरोबर अर्धा इंच बॉर्डर येईल.

प्रतिसाद ३

इंकस्केपमध्ये (तेही फुकट, रेषांवर चालणारं चित्रांचं सॉफ्टवेअर) करणाऱ्यांसाठी: पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ', अनग्रुप, मग सगळं निवडून 'युनियन'. तुकडे वितळून एक होतात, नंतर स्ट्रोक खुशाल द्या. कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

आणि फोटोशॉपवाल्या काकांना एक पुरवणी: तिथे वेलांट्या इकडेतिकडे पळाल्या तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो. विषय तिथेही लगेच संपत नाही.

मूळ धागाकर्ता

जमलं! रेघा गेल्या, लॅपटॉपही पळतोय. आता दोन नवी दुखणी. मजकूर व्हॉट्सॲपवरून चिकटवला तर 'वारकर्यांचे' झालं, य च्या डोक्यावर रफार. मंडळातल्या आजोबांनी हेच आधी पाहिलं, बॉर्डरकडे कोणी बघितलंही नाही. आणि सोनेरी रंग स्क्रीनवर सोनं, दुकानातल्या नमुन्यात मोहरीची चटणी.

प्रतिसाद २

आजोबा बरोबर आहेत. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. कॉपी करताना ते गळलं की रफार होतो. दुसऱ्यात नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ असतो, त्याला गळायला काही नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, मग हलंत, मग य. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत तळाशी भाषाही मराठी करून ठेवा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

सोन्याचं असं आहे की दुकानातल्या मशीनमध्ये सोनेरी शाई नसते. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी, एवढ्यातच भागवायचं. एकसारखा सोनेरी भरलात तर मोहरीच मिळणार. डोळ्याला सोनं वाटतं ते गडद आणि उजेड शेजारी आले की. टेक्स्ट लेयरवर पुन्हा अल्फा टू सिलेक्शन करा, त्याच्या वर नवा लेयर घ्या, आणि त्यात वरून खाली ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग) ओढा: गडद तपकिरी, हळदी, जवळजवळ पांढरा, परत हळदी, शेवटी तपकिरी. तो पांढरा पट्टा शिरोरेषेवर आणू नका, सगळी चमक तिथेच संपते आणि अक्षराचं पोट मरगळतं. किंचित खाली ठेवा.

छापायच्या आधी एक फुटाचा तुकडा काढून उन्हात धरून बघा.

मूळ धागाकर्ता

तुकडा उद्या सकाळी मिळतोय. आजोबांना सोबत घेऊन जातो.